लांब कळ उजवीकडे

१

खांद्यानं दार ढकललं तेव्हा मेरिलच्या कडेवर तिची चिमुरडी लेक जूनी होती आणि दुसऱ्या हातात दालचिनीच्या रोल्सचा गरम ट्रे. शनिवारची सकाळ, साडेआठ. टॉरसनच्या रायफलींच्या कारखान्यात शनिवारी अर्धा दिवस काम असे, आणि शनिवारचे रोल्स मेरिलकडे लागलेले.

"ओरिन, आधी हात धुऊन घ्या हं, मागच्या वेळी सगळ्या साखरेला ग्रीसचा वास..."



चाचणीच्या खोलीत, काँक्रीटच्या त्या लांबलचक बोळात, बाकासमोर ओरिन टॉरसन उताणा पडला होता. चष्मा कपाळावर सरकलेला. खाकी एप्रनवर छातीपाशी ओला, काळपट डाग. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं.

मेरिलनं आधी जूनीचे डोळे झाकले. त्यानंतर तिनं जे केलं त्याचा अर्थ पुढे कितीतरी दिवस तिला लागला नाही. तिनं ट्रे खाली ठेवला. अलगद, सपाट, एकही रोल न सांडता. आणि मग किंचाळली.

त्या किंकाळीपूर्वी तिची नजर एकदा खोलीभर फिरली होती. नजरेची ती खोडच होती; जूनी झाल्यापासून तर कुठल्याही खोलीत शिरलं की धारदार काय, गरम काय, टेबलाच्या काठावर काय, हे आधी दिसायचं. बाकावर रबरी हातोडी. शेजारी कॉफीचा मग. आणि ओरिनची स्वतःची रायफल, उजव्या कुशीवर आडवी, तोंड खोलीच्या आतल्या बाजूला.

पहिला धावत आला तो गेलन प्रूइट, वरच्या मजल्यावरून. मग बाहेर गाडी लावून आलेली लोर्ना, ओरिनची मुलगी. सगळ्यात शेवटी वेस, मेरिलचा नवरा, कानांवरचे आवाजरोधक गळ्यात ओढत. मशीन चालू असलं की त्याला काही ऐकू येत नसे.

"गोळीचा आवाज कुणी ऐकला नाही?" मेरिल ओरडली.

गेलन तिच्याकडे बघतच राहिला. "ऐकला की. दहा मिनिटांपूर्वी. पण इथं गोळीचा आवाज आला म्हणून कोण उठून बघतं, पोरी?"

लोर्ना वडिलांच्या डोक्याशी मटकन बसली. त्यांचा चष्मा तिनं कपाळावरून काढला, एप्रनच्या कोपऱ्यानं पुसला आणि परत नाकावर नीट बसवला.

२

टॅमरॅक फॉल्ससारख्या गावात खून होत नाहीत. एल्क हरणांच्या शिकारीत अपघात होतात, लाकडाचे ट्रक उलटतात. शेरीफच्या कचेरीतून तपासाला हेस्टर कॅविनेस आली तीही अपघात आहे असं धरूनच. पन्नाशीची, आखूड पांढऱ्या केसांची बाई. बोलता बोलता समोरच्याच्या कपाळाकडे बघायची तिची एक सवय होती, आणि तिच्यापुढे बसलेला माणूस नकळत कपाळावर हात फिरवायचा.

दोन दिवसांत तिनं सगळ्यांना कारखान्यात बसवून निकाल सांगितला. ओरिनच्या रायफलची सुरक्षेची कळ 'बंद'वर होती. तरी चाप ओढला की रायफल उडत होती, हातोडीनं ठोकली तरी उडत होती. कळ ज्या दांड्यावर बसते तो मुळातच मापाला कमी भरत होता.

"म्हातारा कळ बंद करून, हातोडीनं ठोकून बघत होता," कॅविनेस म्हणाली. "काडतूस आत राहिलंय हे विसरला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. होतं असं. प्रश्न एवढाच, की असा खराब दांडा त्या रायफलमध्ये कुणी बसवला?"

दांडे बनवायचा एकटा वेस.

"माझ्या हातचा आहे तो," वेस म्हणाला. चेहरा राखेसारखा झाला होता. "सदोष म्हणून बाजूला टाकलेल्यांतला. मी ते कॉफीच्या डब्यात टाकतो, खिडकीत. तो आत गेला कसा? मी बसवला का? मला आठवत नाही, मेरिल. मीच मारलं का गं त्याला?"

"गप्प. असं कुणासमोर म्हणू नकोस," मेरिल म्हणाली. पण कॅविनेस समोरच बसली होती.

अकरा वर्षांपूर्वी ओरिननं वेसला हाताशी धरलं. कारखान्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'दोन्ही हातांसाठी'. रायफली जगात सगळ्या उजव्यांच्या सोयीनं बनतात: कळ डावीकडे, उजव्या अंगठ्याखाली; उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते उजवीकडे, म्हणजे डावखुऱ्याच्या अंगावर. ओरिन डावखुरा. तरुणपणी त्या तापलेल्या पुंगळ्या उजव्या हाताच्या कोपरात, आतल्या बाजूला येऊन बसायच्या. तिथं सात-आठ पांढरे डाग होते. तो बाही वर करून जूनीला दाखवायचा, "हे बघ, आजोबांचे तारे." मग जूनी एकेका ताऱ्यावर बोट ठेवायची.

त्या रागातून त्यानं दोन्ही बाजूंना कळ असलेली रचना काढली, आणि माणसंही निवडून घेतली. लोर्ना जन्मतः डावखुरी. गेलन, जाहिरातींतला चेहरा, नऊ वर्षं देशभरच्या प्रदर्शनांत 'डावखुरा शिपाई' म्हणून उभा राहणारा. लष्करात जुन्या रायफलनं पुंगळ्या खात खात नेमबाजी शिकलो, हे तो इतकं रंगवून सांगायचा की माणसं तिथल्या तिथं मागणी नोंदवायची. कॉफीचे मगसुद्धा असे बनवून घेतलेले, की डाव्या हातात धरला तरच पिणाऱ्याला अक्षरं दिसावीत: 'वाचता येतंय? मग तू आमचा.'

आमचा नव्हता तो एकटा वेस. त्याला सगळे 'उजव्या' म्हणूनच हाक मारत. टेबलांवरच्या कात्र्यादेखील डावखुऱ्यांच्या. वेसनं स्वतःची आणली होती, मुठीला लाल फीत गुंडाळून. आणि ती सारखी गायब व्हायची.

"माझी कात्री कोण पळवतं रे?"

"तुझी उलटी कात्री कोण घेणार, उजव्या?" ओरिन ओरडायचा. "भूत असेल. उजव्या हाताचं!"

हे आठवून मेरिलला कॅविनेससमोरच रडू कोसळलं.

मग लोर्ना बोलली, आणि ते रडू आटलं.

"शुक्रवारी संध्याकाळी बाबा आणि वेस जोरजोरात बोलत होते. मी जिन्यात होते. बाबा म्हणाले, 'आपल्यातला एक नग खोटा निघालाय. सोमवारी सगळ्यांसमोर उघडा पाडतो.'" तिनं वेसकडे पाहिलं नाही. "मला वाईट वाटतंय, वेस. पण जे ऐकलं ते सांगायला हवं."

"ते मलाही तेवढंच म्हणाले!" वेस म्हणाला. "कुठला नग, म्हणून मी विचारत होतो. माझा एकही दांडा खोटा बाहेर जात नाही म्हणून आवाज चढला. ते म्हणाले, सोमवारी कळेल."

गेलननं वेसच्या खांद्यावर हात ठेवला. डावा. "पोरा, चुका होतात. कुणी तुला राक्षस म्हणत नाहीये."

३

हलगर्जीपणानं मृत्यू. वकील म्हणाला, कबूल केलं तर कदाचित दोन वर्षं. वेस कबूल करायला निघाला होता.

बुधवारी दुपारी जूनी झोपली आणि मेरिलनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकिटं भरायला घेतली. घरबसल्या करायचं हे काम तिला ओरिननंच दिलं होतं. प्रत्येक पाकिटात एक लांब कळ, एक आखूड कळ, एक दांडा, दोन स्क्रू आणि एक कागद. कागदावरची चित्रं तिचीच. कॉलेजात ती यंत्राची रेखाटनं शिकली होती, त्याचा एवढाच उपयोग झाला होता.

चित्राखाली तिनंच लिहिलं होतं: लांब कळ अंगठ्याच्या बाजूला. आखूड कळ बोटाच्या बाजूला, म्हणजे ती बोटाला टोचत नाही.

म्हणजे उजव्यासाठी लांब कळ डावीकडे. डावखुऱ्यासाठी लांब कळ...

तिचा हात थांबला.

रायफल उजव्या कुशीवर पडली होती. डावी बाजू वर. आणि त्या बाजूला, ट्यूबलाइटच्या उजेडात चकाकणारी, चांगली बोटाच्या दोन पेरांएवढी कळ. लांब.

ओरिनच्या रायफलवर लांब कळ उजवीकडे असायची. नेहमी. तो म्हणायचा, दुसरीकडे लावली तर बूट उलटे घातल्यासारखं वाटतं. कळा उलट्या लागलेली रायफल त्यानं हातात घेताक्षणी खाली ठेवली असती. हातोडीनं ठोकत बसला नसता.

म्हणजे कळा नंतर बसवल्या. ओरिन मेल्यावर. दांडा बदलायचा तर आधी कळा काढाव्या लागतात, आणि घाईत त्या परत लावताना...

तिला एकदम श्वास घेता आला. वेसची चूक नव्हती. चूक झालीच नव्हती. दुसऱ्याच कुणीतरी गोळी घालून, डब्यातला खराब दांडा आत बसवला होता.

तिनं कॅविनेसला फोन लावला. फोन ठेवल्यावर ती हसली, चार दिवसांत पहिल्यांदा.

४

तासाभरात कॅविनेस आली. बरोबर दोन शिपाई.

"तू म्हणालीस ते खरं आहे," ती दारातच म्हणाली. "मी फोटो काढून पाहिले. लांब कळ डावीकडे. ओरिनच्या जुन्या सगळ्या फोटोंत उजवीकडे. दांडा नंतर बदललाय. हा अपघात नाही."

"मग! मी तेच तर..."

"खून आहे. आणि ज्यानं तो दांडा बसवला त्यानं घाईत आपल्या सवयीनं कळा लावल्या. उजव्या माणसाच्या सवयीनं." तिची नजर मेरिलच्या कपाळावर होती. "कारखान्यात माणसं चारच. ओरिन डावखुरा. लोर्ना डावखुरी. गेलन डावखुरा. राहिला कोण?"

मेरिलला आधी काही कळेच ना. मग कळलं.

आतून वेस आला. हातात जूनीची दुधाची बाटली. "काय झालं?"

"नाही, नाही, थांबा. वेसनं डावखुऱ्यांसाठी शेकड्यांनी रायफली जोडल्यात! तो असं कधीच करणार नाही. ओरिनची रायफल तर तो डोळे मिटूनही नीट..."

"शांतपणे बसून जोडताना नीटच करेल," कॅविनेस म्हणाली. आवाजात कठोरपणा नव्हता, उलट थोडी कणवच होती. "पण समोर मढं पडलेलं असताना, कुणी येईल या भीतीनं? घाईत हात डोक्याचं ऐकत नाही, बाळा. सवयीचं ऐकतो. आणि दोघांचं भांडण शुक्रवारी जिन्यात लोर्नानं ऐकलंच आहे."

वेसनं बाटली टेबलावर ठेवली. तो मेरिलकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "तू फोन केलास? तू सांगितलंस?"

"तुला सोडवायला, वेस!"

"हो," तो म्हणाला. "माहीत आहे गं."

बेड्यांचा आवाज इतका छोटा असतो, हे तिला माहीत नव्हतं.

५

ओरिनची अंत्यप्रार्थना शुक्रवारी झाली. नंतर चर्चच्या तळघरात जेवण: हॅम, भट्टीत भाजलेली बटाट्याची कॅसरोल, जिलेटिनच्या हिरव्या थरथरत्या जेलीची भांडी. मेरिल जायला धजावत नव्हती, पण लोर्नानं फोन करून सांगितलं, "ये. जूनी बाबांची लाडकी होती." त्या आवाजात राग नव्हता, थकवा होता नुसता.

बायका तिच्याशी गोड बोलत होत्या, नको इतकं गोड. कुणीच तिच्याशेजारी बसलं नाही. शेवटी ती ओट्याशी भांडी पुसायला गेली; हाताला काम असलं की माणसं बघत नाहीत.

भांडी गेलन घासत होता. त्यानं बाह्या कोपराच्या वर दुमडल्या होत्या. मेरिलनं त्याला कधी आखूड बाहीत पाहिलं नव्हतं, भर उन्हाळ्यातसुद्धा.

"वेसला सांग, मी त्याच्या बाजूनं आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "वकिलाला हवं तर माझी साक्ष घे म्हणावं. शांत पोरगा. एका क्षणाचा राग."

"त्यानं केलं असं धरूनच चाललात तुम्ही?"

"मी काहीच धरत नाही, पोरी. पुरावाच तसा आहे. आणि तो तर तूच शोधलास."

जूनी मेरिलच्या कडेवरून पुढे वाकली. गेलनचा साबणाचा ओला उजवा हात तिनं दोन्ही हातांनी धरला, कोपराच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं. सरकवलं. परत टेकवलं. मग मान वर करून आईकडे पाहिलं, अगदी गोंधळून.

"ता?" ती म्हणाली. "ता?"

तारे.

कोपर गुळगुळीत होतं. एक डाग नाही, एक वण नाही. जुन्या रायफलनं पुंगळ्या खात खात नेमबाजी शिकलेल्या डावखुऱ्या शिपायाचं कोपर.

"काय म्हणतेय?" गेलन हसला.

"भूक लागलीय तिला," मेरिल म्हणाली. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला, तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. थाळी पुसताना तिच्या डोक्यात ओरिनचा आवाज घुमत होता. तुझी उलटी कात्री कोण घेणार? भूत असेल. उजव्या हाताचं!

डावखुऱ्यांच्या त्या अख्ख्या कारखान्यात उजव्या हाताची कात्री कुणाला लागत होती? वेसला. आणि जो ती पळवत होता त्याला. टेबलावर चार चांगल्या कात्र्या पडलेल्या असताना.

आणि नग? नग म्हणजे नुसती वस्तू थोडीच असते. माणसालाही म्हणतातच की, काय नग आहे!

ती भांडी तशीच टाकून निघाली. गाडीत बसल्यावर जूनीच्या खुर्चीचा पट्टा तिनं तीनदा ओढून पाहिला, मग चौथ्यांदा.

६

"कात्री?" कॅविनेस म्हणाली. "नवऱ्यासाठी तू मला कात्री घेऊन आलीस?"

"आणि कोपर. तुम्हीच म्हणालात ना, घाईत हात सवयीचं ऐकतो? मग चौघांत उजवे दोन आहेत. एक उघड, एक चोरून."

"लोक म्हणतील बायको बडबडतेय."

"म्हणू देत. पण ज्या रायफलनं तो नऊ वर्षं प्रदर्शनं करतोय ती पाहा. त्याची स्वतःची. ती दोन्ही हातांची आहे, मॅडम. डावीकडूनही चालते, उजवीकडूनही. चारचौघांत तो ती डाव्या हातानं वापरतो. एकटा असताना कुठल्या हातानं वापरतो, ते फक्त त्या कळांनाच माहीत."

कॅविनेसनं पहिल्यांदाच तिच्या कपाळावरून नजर खाली आणली आणि थेट डोळ्यांत पाहिलं.

शनिवारी सकाळी, बरोबर आठवड्यानं, कारखान्यात चौघं जमले: कॅविनेस, लोर्ना, गेलन, आणि दाराशी जूनीला घट्ट धरून मेरिल. गेलन प्रवासाला निघण्याच्या तयारीत होता. रविवारपासून मोठं प्रदर्शन.

"तुझी रायफल दाखवतोस का जरा?" कॅविनेस म्हणाली. "कळा कशा लावतात ते मला नीट समजून घ्यायचंय. खटल्यासाठी."

"अवश्य." त्यानं ती पेटीतून काढली, रिकामी असल्याचं दाखवलं, डाव्या हातानं पुढे केली. "हे बघा. लांब कळ उजवीकडे. डावखुऱ्यासाठी."

कॅविनेसनं रायफल दिव्याखाली धरली. मग लोर्नाच्या हातात दिली. "तू या धंद्यात वाढलीस. काय दिसतं?"

लोर्नानं उजवी बाजू पाहिली. लांब कळेवरचा काळा मुलामा जवळजवळ कोरा होता. तिनं रायफल उलटी केली. डावीकडच्या आखूड कळेवर मुलामा नावालाही नव्हता. वरची कड घासून घासून पांढरा धातू उघडा पडला होता. अंगठ्याच्या रुंदीचा.

लोर्नानं त्या कडेवर आपला उजवा अंगठा ठेवून पाहिला.

"ही उजव्या अंगठ्यानं घासलीय," ती म्हणाली.

"मी दोन्ही हातांचा सराव करतो," गेलन लगेच म्हणाला. "तोच तर आपला माल आहे! दोन्ही हातांसाठी."

"मग लांब कळ कोरी का?" लोर्नानं विचारलं.

"डावीकडे बोट लागतं. डावखुऱ्याचं बोट त्याच बाजूला असतं."

"बोट खाली टेकतं, गेलन. कळेच्या डोक्यावर नाही." तिचा आवाज चढत गेला. "बाह्या वर कर."

"काय वेडेपणा..."

"माझ्या बाबांचे हात मी आंघोळ घालताना पाहिलेत परवा. बाही वर कर!"

त्यानं केली नाही. करायची गरजही उरली नव्हती. कॅविनेसनं खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला, झडतीची परवानगी, आणि बाहेर थांबलेल्या पोलीस शिपायानं आत येऊन प्रदर्शनाची बॅग उघडली. पोस्टर, टोप्या, छापील पत्रकं. तळाशी एक कात्री. मुठीला लाल फीत.

"ही एकाच माणसाला लागते असं बाबा म्हणायचे," लोर्ना पुटपुटली.

"दोघांना लागत होती," मेरिल म्हणाली.

बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक पाकीट होतं. गेलनच्या लष्करातल्या कुणा जुन्या सोबत्यानं ओरिनला पाठवलेलं. आत फोटो: पस्तीस वर्षांपूर्वीचा गेलन, रायफल खांद्याला लावून नेम धरलेला. उजव्या खांद्याला.

कात्रीनं त्या फोटोचे आठ तुकडे केले होते. फेकायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

गेलन खुर्चीवर बसला. कपाळावरचा घाम त्यानं पुसला, आणि आता कुणाला काही दाखवायचं नसल्यामुळे, उजव्या हातानं पुसला.

"मी फक्त त्याला म्हणत होतो की गप्प बस," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी घरी डाव्या हातानं जेवलो. डाव्या हातानं सही शिकलो. बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. तो म्हणाला, सोमवारी तू स्वतः सगळ्यांना सांग, मी तुला कामावरून काढणार नाही. हसला. 'उजव्याला एक जोडीदार मिळेल,' म्हणाला." त्यानं वर पाहिलं. "तो हसला हो. मग देशभर सगळे हसले असते."

"एवढ्यासाठी?" लोर्नाच्या तोंडून शब्द बाहेर पडला, आणि ती तोच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "एवढ्यासाठी? एवढ्यासाठी?"

मेरिलनं जूनीचे कान झाकले. कशासाठी, ते तिलाही कळलं नाही.

७

वेस घरी आला तेव्हा दारातच म्हणाला, "आता यापुढे मला सोडवायचं असेल तर आधी मला विचार." मेरिल हसली, मग रडली, मग त्याच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या.

तीन आठवड्यांनी लोर्नानं कारखाना पुन्हा उघडला. ओरिनच्या आठवणीसाठी एक रायफल जोडून भिंतीवर लावायची, असं ठरलं. अगदी त्याच्या जुन्या रायफलसारखी. "तूच जोड," ती वेसला म्हणाली. "आणि तुझी कात्री पोलिसांकडून परत मिळाली की मी ती चौकटीत लावणार आहे."

"ती माझी आहे! मला लागते," वेस म्हणाला, आणि त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मेरिल रोल्स घेऊन आली होती. जूनी जमिनीवर रिकाम्या पुंगळ्यांचा मनोरा रचत होती. वेस जोडत होता आणि बोलत होता. ओरिन पहिल्या दिवशी काय म्हणाला होता, कुठला स्क्रू त्यानं तीनदा काढायला लावला होता. बोलता बोलता त्याचे डोळे भरले, हात मात्र चालूच राहिले. दांडा आत सरकवला. लांब कळ उचलली. बसवली. स्क्रू फिरवला.

मेरिलच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला.

लांब कळ डावीकडे.

तो कधीच असं करणार नाही, ती म्हणाली होती. डोळे मिटूनही नीट जोडेल, म्हणाली होती. वकिलासमोर, कॅविनेससमोर, स्वतःच्या मनासमोर शंभर वेळा. जूनीनं त्या दिवशी गेलनच्या कोपरावर तारे शोधले नसते, तर?

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. अलगद, सपाट.

"वेस," ती म्हणाली. "उजवीकडे."

"अं?" त्यानं डोळे पुसत खाली पाहिलं. "अरेच्चा. हो की." आणि हसत हसत स्क्रू परत सोडवायला लागला.

लोर्ना पाठमोरी कॉफी ओतत होती. तिनं काही पाहिलं नाही. मेरिलनं खाली वाकून जूनीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली.